पिकांचे काड, सरकीची पेंड आणि बुरशी



दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या दक्षिण भागात भरपूर पावसाची दाट अरण्ये आहेत. त्या अरण्यांत उन्मळून पडलेल्या जुन्या वृक्षांचे बुंधे कालांतराने आतून पांढरे, मऊ आणि ओलसर होतात. तेथील शेतकरी असे बुंधे फोडून आतील कुजके लाकूड गुरांपुढे टाकीत आणि गुरे ते आवडीने खात. जर्मनीत जन्मलेले व पुढे चिलीत स्थायिक झालेले निसर्गशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिलिपी यांनी १८९३ साली या प्रकाराची नोंद करून ठेवली आहे. स्थानिक लोक या लाकडाला ‘पालो पोद्रिदो’, म्हणजे ‘सडके लाकूड’, असेच म्हणत. पुढे सुमारे नव्वद वर्षांनी संशोधकांनी त्याचे पृथक्करण केले, तेव्हा गॅनोडर्मा जातीच्या बुरशीने लाकडातील एक द्रव्य बहुतांशी नाहीसे केले असून गुरांना पचणारा भाग मागे ठेवला आहे, असे आढळून आले.

साध्या लाकडाला गाय तोंड लावीत नाही. तेच लाकूड एका बुरशीच्या हातून गेले की वैरण होते. या एका गोष्टीवरून जगातील अनेक प्रयोगशाळांना एक कल्पना सुचली. शेतात पीक काढल्यावर जे उरते ते काड, पेंढा, पऱ्हाट्या, तुराट्या, पाचट आणि चिपाडे यांतील नको असलेली द्रव्ये बुरशीकडून काढून घेता येतील काय? तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीतील विषारी अंश तिच्याकडून नाहीसा करविता येईल काय?

याचे उत्तर ‘होय’ असे आहे. परंतु ते अर्धे उत्तर आहे, आणि अर्धे उत्तर घेऊन कोणी गावात गेला तर त्यापासून हानी होण्याचा संभव आहे. बुरशीने काड सुधारते असे ऐकून एखाद्या शेतकऱ्याने पावसात भिजून बुरसटलेली पेंढ्याची गंजी निःशंकपणे म्हशीपुढे टाकली, तर त्या म्हशीचे काय होईल हे पुढे सांगावयाचे आहे. प्रथम काडातील अडचण कोणती, ते पाहणे योग्य होईल.

गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा यांत सेल्युलोज व त्याच्या जातीची पिष्टमय द्रव्ये निम्म्याहून अधिक असतात. ही द्रव्ये म्हणजे मुळात साखरेच्याच लांब साखळ्या होत. मनुष्याला त्या पचत नाहीत. परंतु रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्म जीव राहतात, ते या साखळ्या तोडून जनावराला पोसतात. असे असता केवळ काडावर ठेवलेले जनावर खंगत जाते, याचे कारण काय? एक कारण म्हणजे काडातील प्रथिने फारच थोडी, शेकडा तीन-चार एवढीच, असतात. दुसरे कारण लिग्निन. रोप कोवळे असते तेव्हा लिग्निन थोडे असते. पीक पक्व होऊ लागते तसतसे ते पेशींच्या भित्तिकांत साचत जाते आणि सेल्युलोजच्या धाग्यांभोवती घट्ट लिंपले जाते. विटांच्या भिंतीत चुना जे काम करतो ते काम वनस्पतीत लिग्निन करते. त्याच्यामुळेच ताट उभे राहते, वाऱ्याने मोडत नाही आणि कीड सहजासहजी आत शिरत नाही. रोपाच्या दृष्टीने जे संरक्षण, तेच गाईच्या दृष्टीने कुलूप ठरते. सेल्युलोज समोर असून कोठीपोटातील जिवाणूंना त्यापर्यंत पोहोचता येत नाही आणि खाल्लेल्या काडाचा निम्म्याच्या आसपास भाग शेणावाटे बाहेर पडतो.

लिग्निनची रासायनिक घडण इतकी गुंतागुंतीची आहे की ते तोडण्यास प्राणवायूची आवश्यकता लागते. कोठीपोटात प्राणवायू जवळजवळ नसतोच, त्यामुळे तेथे हे काम होऊ शकत नाही. येथे एक गंमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कोठीपोटात पोहणारे काही सूक्ष्म जीव पुष्कळ वर्षे आदिजीव समजले जात होते. १९७५ साली इंग्लंडमधील कॉलिन ऑर्पिन यांनी ते वस्तुतः बुरशीचे बीजाणू असल्याचे दाखवून दिले. म्हणजे गाईने स्वतःच्या पोटात बुरशी फार पूर्वीपासून पाळलेली आहे! ही बुरशी काडाचे तंतू आतून उसवते व जिवाणूंना वाट करून देते. परंतु प्राणवायूवाचून लिग्निनचा निकाल तिलाही लावता येत नाही. तो निकाल पोटाबाहेर, उघड्या हवेतच लावावा लागतो.

बुरशी म्हटली की ती एकच, अशी सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक लाकूड कुजविणाऱ्या बुरशींचेही निरनिराळे स्वभाव आहेत आणि ते डोळ्यांनी ओळखता येतात. पावसाने भिजलेला जुना वासा कित्येकदा तपकिरी होतो, त्याला आडव्या-उभ्या चिरा पडून चौकोनी तुकडे सुटतात आणि ते बोटाने चुरडले असता भुकटी होते. येथे बुरशीने सेल्युलोज खाल्लेले असते आणि लिग्निन मागे टाकलेले असते. असे लाकूड गुराच्या उपयोगाचे नाही. उलट जे हवे होते तेच गेलेले असते. दुसऱ्या प्रकारात लाकूड पांढुरके, मऊ आणि धाग्याधाग्यांचे होते. तेथे बुरशीने लिग्निनवर हल्ला केलेला असतो. चिलीतील बुंधे या प्रकारचे होते. या दुसऱ्या वर्गालाच शास्त्रज्ञ श्वेतकुज बुरशी म्हणतात. आपल्या परिचयाची धिंगरी अळिंबी याच वर्गातील आहे.

श्वेतकुज बुरशी हे काम कसे करते, हे कोडे दीर्घकाळ सुटलेले नव्हते. १९८३ साली अमेरिकेत दोन ठिकाणी, विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथील वनोपज प्रयोगशाळेत आणि ऑरेगॉन राज्यात, संशोधकांना फॅनेरोकीट या बुरशीतून लिग्निन तोडणारे विकर वेगळे करता आले. ही बुरशी आपल्या तंतूंतून विकरे व त्यांना लागणारे हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर सोडते आणि त्यांच्या साहाय्याने लिग्निनचे एक प्रकारे मंद ज्वलन घडवून आणते. या ज्वलनापासून बुरशीला स्वतःला काही विशेष मिळत नाही. लिग्निनवर ती पोसली जात नाही. ते दूर करण्यासाठी लागणारी शक्ती तिला त्याच काडातील साखरेपासून घ्यावी लागते. लिग्निन ही वाट अडविणारी भिंत आणि आतील सेल्युलोज हे तिचे अन्न होय.

पुढील सर्व अडचणीचे मूळ येथेच आहे. बुरशी शेतकऱ्यासाठी राबत नाही, ती स्वतःच्या पोटासाठी भिंत फोडते. आत शिरल्यावर तिने गाईचा वाटा शिल्लक ठेवावा, असा काही करार झालेला नसतो.

हा मुद्दा आकड्यांत मांडला म्हणजे अधिक स्पष्ट होतो. समजा, १०० किलो कोरडा पेंढा आहे आणि त्यातील शेकडा ४५ भाग जनावराला पचतो. म्हणजे ४५ किलो अन्न हाती आहे. त्यावर बुरशी वाढविली. तिने २० किलो स्वतःसाठी वापरले, ते वायुरूपाने उडून गेले. उरलेल्या ८० किलोंची प्रत सुधारली आणि त्यातील शेकडा ५५ भाग पचू लागला. शेकडा ४५ चे ५५ झाले, हे ऐकण्यास फार चांगले वाटते. परंतु ८० किलोंचे शेकडा ५५ म्हणजे ४४ किलो. मजुरी, बियाणे, पाणी आणि तीन-चार आठवडे खर्च करून शेतकऱ्याच्या पदरात एक किलो कमीच पडले! हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. परंतु प्रत्यक्ष प्रयोगांत वेळोवेळी असाच अनुभव आलेला आहे. पचनीयतेची टक्केवारी सांगताना ‘कशाची टक्केवारी’ हा प्रश्न विचारावयाचे राहून गेले, की अशी फसगत होते. या विषयावरील उत्साही अहवाल वाचणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा प्रश्न प्रथम विचारावा.

आपल्या देशात या दिशेने गंभीरपणे प्रयत्न झाले. कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत एक दोन टप्प्यांची पद्धती तयार करण्यात आली होती. प्रथम पेंढ्यावर युरियाचे पाणी शिंपडून तो सुमारे महिनाभर झाकून ठेवावयाचा, आणि नंतर त्यात थोडे सुपर फॉस्फेट व चुना मिसळून कॉप्रिनस या बुरशीचे विरजण लावावयाचे, असे तिचे स्वरूप होते. कॉप्रिनस म्हणजे पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणारी आणि थोड्याच वेळात काळ्या शाईसारखी विरघळून जाणारी छत्री. तिची निवड विचारपूर्वक केलेली होती. युरियापासून निघणाऱ्या अमोनियाच्या उग्रतेत इतर बुरशी तग धरीत नाहीत, ही मात्र वाढते आणि अमोनियातील नत्र घेऊन स्वतःच्या शरीरातील प्रथिने बनविते. कल्पना सुंदर होती. तथापि, काही दिवसांतच ही बुरशी पेंढ्याचा बराचसा उपयुक्त अंश खाऊन टाकी आणि वर दाखविलेला हिशेब पुन्हा आडवा येई.

१९८० नंतरच्या काळात भारत व नेदरलँड्स यांच्या सहकार्याने पिकांच्या अवशेषांवर एक मोठा संशोधन प्रकल्प चालला. कर्नालची संस्था त्यात प्रमुख होती आणि महाराष्ट्रातून उरुळी कांचन येथील बाएफ या संस्थेने त्यात भाग घेतला. त्या अनुभवातून निघालेली काड-चाऱ्यावरील पुस्तिका भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९९५ साली प्रसिद्ध केली. बुरशीची प्रक्रिया शेतकऱ्याच्या गोठ्यात आणण्याइतकी सिद्ध झालेली नाही, असाच एकंदर कल त्या कामातून निघाला. टिकली ती साधी युरिया प्रक्रिया. १०० किलो काडास ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथरावर शिंपडून, दाबून, तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवावे आणि खाऊ घालण्यापूर्वी थोडा वेळ मोकळ्या हवेत पसरावे. अमोनियामुळे लिग्निनची पकड सैल होते आणि नत्रही मिळते. सहा महिन्यांखालील वासरांना मात्र हे काड देऊ नये, आणि युरियाचे पाणी गुरांच्या तोंडी लागू देऊ नये. आजच्या विषयाच्या दृष्टीने ही थोडी आडवाट आहे. परंतु ज्या गावात वैरणीचा प्रश्न आज उभा आहे, त्या गावाला बुरशीच्या संशोधनाकडे डोळे लावून बसण्यास सांगणे योग्य होणार नाही.

संशोधन अर्थात थांबलेले नाही. गाईचा वाटा शक्य तितका शिल्लक ठेवणारी, म्हणजे लिग्निनच निवडून काढणारी बुरशी शोधावयाची, अशी पुढची दिशा ठरली. नेदरलँड्समधील वॅगेनिंगेन विद्यापीठात गव्हाच्या काडावर अनेक बुरशींची तुलना करण्यात आली. तीत सेरिपोरिऑप्सिस नावाची श्वेतकुज बुरशी आणि जपानी लोकांच्या आवडीची शिटाके अळिंबी या दोन्ही सरस ठरल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसते. त्यांनी सेल्युलोजला तुलनेने कमी हात लावला. परंतु हा प्रयोग निर्जंतुक केलेल्या काडावर झाला आणि बुरशीला सात आठवड्यांपर्यंत मुदत देण्यात आली. प्रयोगशाळेतील काचपात्रात ज्या गोष्टी सहज साधतात, त्या पन्नास क्विंटल गंजीवर साधणे कठीण असते. काड वाफेने निर्जंतुक करावयाचे तर जळण लागते. न करावे तर आधीच काडावर बसलेल्या रानटी बुरशी शर्यत जिंकतात.

मग खेड्याच्या दृष्टीने या ज्ञानाचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो पुष्कळ ठिकाणी चालूही आहे. बुरशी जो वाटा घेते तो फुकट जाऊ न देता तिच्याच रूपाने परत घ्यावयाचा, हा तो मार्ग होय. हाच अळिंबीचा व्यवसाय. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील झाकिया बानो यांनी आपल्या सहकाऱ्यासह भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढविण्याचे काम १९६२ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर धिंगरीच्या अनेक जाती आपल्या हवामानात रुळल्या. अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन प्रकल्पाचे एक केंद्र पुण्याच्या कृषि महाविद्यालयात आहे.

धिंगरीची कृती थोडक्यात अशी. स्वच्छ, पिवळा, त्याच हंगामातील आणि पावसात न भिजलेला पेंढा दोन-तीन इंच लांबीचे तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवावा. नंतर सुमारे ८० अंश सेल्सियस तापमानाच्या गरम पाण्यात तासभर ठेवून निथळावा. मुठीत दाबला असता पाणी ठिबकू नये, परंतु हाताला ओल लागावी, इतपत ओलावा ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत पेंढ्याचे थर भरीत जावे व प्रत्येक थरावर कडेने अळिंबीचे बियाणे पेरावे. पिशवीस टाचणीने भोके पाडून ती अंधाऱ्या, स्वच्छ खोलीत ठेवावी. पंधरा ते वीस दिवसांत पांढऱ्या तंतूंनी पेंढा एकजीव बांधला जातो. मग पिशवी काढून टाकावी, मंद उजेड व खेळती हवा ठेवावी आणि दिवसातून दोन-तीन वेळा पाणी फवारावे. २० ते ३० अंश तापमान आणि शेकडा ८० च्या वर आर्द्रता असली की पीक चांगले येते. म्हणूनच कोकणात व पूर्व विदर्भातील भातपट्ट्यात पावसाळा आणि हिवाळा हे हंगाम सोयीचे पडतात. चांगल्या व्यवस्थेत १० किलो कोरड्या पेंढ्यापासून ५ ते ७ किलो ताजी अळिंबी मिळू शकते. ती बहुतांशी पाणीच असते, हे खरे; परंतु वाळविलेल्या अळिंबीत प्रथिनांचे प्रमाण शेकडा २० च्या वर असते.

तीन गोष्टी मात्र उत्साहाच्या भरात सांगावयाच्या राहून जातात. ताजी धिंगरी साध्या हवेत एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. बाजार जवळ नसेल तर वाळविण्याची सोय प्रथम पाहावी, पिशव्या मागाहून भराव्या. बंद खोलीत पक्व अळिंबीचे सूक्ष्म बीजाणू उडतात व त्यांनी कित्येकांना खोकला आणि दम्यासारखा त्रास होतो. यास्तव नाकातोंडावर कापड बांधून काम करावे आणि कडा उलटण्यापूर्वीच काढणी उरकावी. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. काही ठिकाणी गरम पाण्याऐवजी पेंढा फॉर्मेलिन व कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवितात. जळण वाचते, हे खरे आहे. परंतु असा पेंढा अळिंबी काढून झाल्यावर गुरांना मुळीच घालू नये. त्याचे खत करावे. गरम पाण्याने प्रक्रिया केलेला, स्वच्छ, पांढरा आणि हिरव्या-काळ्या बुरशीचा डाग नसलेला उरला-सुरला पेंढा इतर वैरणीत थोडा मिसळण्यास हरकत नाही. त्यातील लिग्निन कमी झालेले असते. परंतु पेंढ्यातील वाळूसारखी सिलिका बुरशीला हलविता येत नाही. इतर अंश कमी झाल्यामुळे तिचे शेकडा प्रमाण उलट वाढते. म्हणून त्यावर दुभत्या जनावराची भिस्त ठेवता येणार नाही.

काडाची कथा अशी आहे. पेंडीची थोडी निराळी आहे, आणि कापूस पिकविणाऱ्या विदर्भ, मराठवाडा व खानदेश या भागांना तिचे महत्त्व अधिक आहे. सरकी उभी चिरून भिंगाखाली पाहिली तर गरात काळसर बारीक ठिपके दिसतात. त्या ग्रंथींत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. कपाशीच्या शास्त्रीय नावावरूनच ते नाव १८९९ साली पडले. किडीपासून रोपाचे रक्षण करणारे हे द्रव्य प्राण्यांना बाधक आहे. प्रौढ गाय-म्हैस ढेप खाऊनही सहसा सुखरूप राहते, कारण कोठीपोटात गॉसिपॉल प्रथिनांशी बांधले जाऊन बरेचसे निकामी होते. लहान वासरे, डुकरे आणि कोंबड्या यांना हे संरक्षण नाही. कोंबडीच्या खाद्यात अशी पेंड अधिक झाली तर अंड्यातील बलक साठवणीत हिरवट पडतो आणि अंड्यांना गिऱ्हाईक राहत नाही. घाण्यातील उष्णतेने गॉसिपॉल काही अंशी बांधले जाते, परंतु त्याबरोबर लायसिन हे मोलाचे अमिनो आम्लही अडकून पडते. म्हणजे विष कमी करताना पोषणही कमी होते.

बुरशी येथे अधिक सरस ठरते. काही बुरशी गॉसिपॉल निष्प्रभ करू शकतात, असे अमेरिकेतील बॉघर व कॅम्पबेल यांनी १९६९ सालीच दाखविले होते. पुढे चीनमध्ये सरकीच्या पेंडीवर कँडिडा जातीचे किण्व व अॅस्परजिलस जातीची निवडक बुरशी वाढवून दोन-तीन दिवसांच्या आंबवणीत मोकळे गॉसिपॉल बहुतांशी घालविण्यात आले. काडाच्या बाबतीत जो हिशेब आडवा येतो तो येथे तितकासा येत नाही. विषारी द्रव्य एकंदर वजनाच्या मानाने अत्यल्प असते, मुदत आठवड्यांची नसून दिवसांची असते आणि बुरशीच्या वाढीने पेंडीतील प्रथिनांत थोडी भरच पडते. परंतु हे काम घरगुती नव्हे. शुद्ध विरजण, ठराविक ओलावा व तापमान, आणि प्रत्येक घाणीची तपासणी यांवाचून ते करू नये. तेल गिरणी किंवा पशुखाद्य कारखाना हीच त्याची योग्य जागा होय.

याच वाटेवरचा आणखी एक प्रयोग भारताशी निगडित आहे. ब्राझीलमध्ये कॉफीच्या फळांच्या टरफलांचे ढीग साचतात. त्यांत कॅफिन व टॅनिन असल्यामुळे ती गुरांना फारशी घालता येत नाहीत आणि नदीनाल्यांतही घाण करतात. कुरितिबा येथील पाराना विद्यापीठातील संशोधकांनी त्रिवेंद्रमच्या प्रयोगशाळेतील अशोक पांडे यांच्या सहभागाने या टरफलांवर तीन बुरशींची परीक्षा केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे ऱ्हायझोपस बुरशीने शेकडा ८७ कॅफिन व ६५ टॅनिन घालविले. लिग्निनवर पराक्रम गाजविणारी फॅनेरोकीट येथे मागे पडली. सर्वांत अधिक, म्हणजे शेकडा ९२ पर्यंत कॅफिन घालविणारी अॅस्परजिलस बुरशी त्याच टरफलांवरून वेगळी काढलेली होती! ज्या कचऱ्यात एखादे द्रव्य पिढ्यान्‌पिढ्या पडत आले, त्याच कचऱ्यात ते खाणारा जीव सापडण्याचा संभव अधिक असतो. म्हैसूरच्या संस्थेनेही २००१ साली असाच एक उपयुक्त धागा जोडून दाखविला. भाताच्या पेंढ्यात सरकीची पूड मिसळून त्यावर धिंगरी वाढविली असता तिच्या वाढीबरोबर गॉसिपॉलचेही विघटन होते, असे तेथे दिसून आले.

आता गंजीवर आपोआप येणाऱ्या बुरशीविषयी. अॅस्परजिलस हे नाव वर दोनदा चांगल्या अर्थाने आले. त्याच कुळातील दुसरी एक जात भुईमुगावर, मक्यावर आणि ओल्या पेंडीवर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्ष्यांची पिल्ले अकस्मात मेली. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीपर्यंत माग लागला तेव्हा या विषाचा शोध लागला. आपल्या देशाला त्याचा धडा १९७४ च्या अखेरीस मिळाला. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांतील आदिवासी खेड्यांत अवेळी पावसाने भिजलेला, बुरसटलेला मका खाण्यात आला आणि यकृताच्या विकाराने शंभरावर माणसे दगावली. दुसरे धान्य घरात नव्हते म्हणून तो मका खाल्ला गेला, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही. बुरसटलेली वैरण गुरांना घालणाऱ्या शेतकऱ्यापाशीही बहुधा दुसरी वैरण नसते.

भाताच्या पेंढ्याबाबत पंजाबातील डेग नाल्याच्या काठचा रोग प्रसिद्ध आहे. त्याचे वर्णन १९३९ साली झाले आणि नाल्याच्या नावावरून ‘डेगनाला’ हेच नाव रोगाला मिळाले. थंडीच्या दिवसांत ओला, बुरसटलेला पेंढा खाणाऱ्या म्हशींचे पाय सुजतात, शेपटीचे टोक व कानाच्या कडा काळ्या पडून झडतात, आणि खूर गळून पडण्यापर्यंत मजल जाते. पेंढ्यावरील फ्युजेरियम व इतर बुरशींच्या विषाकडे या रोगाचे कारण म्हणून बोट दाखविले जाते.

ग्रामपंचायतींनी या दृष्टीने काय पाहावे, हे येथेच सांगणे बरे. दुष्काळात गावाबाहेरून जी वैरण व पेंड येते ती उतरवून घेताना गंजीच्या आत हात घालून पाहावे. आत गरमी, कुबट वास किंवा हिरवी, काळी अथवा गुलाबी बुरशी आढळल्यास तो माल परत करावा. पेंड जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावी. शिक्षकांना शाळेत एक सोपा प्रयोग दाखविता येईल. एका पिशवीत गरम पाण्याने प्रक्रिया केलेला पेंढा व धिंगरीचे बियाणे घालावे आणि दुसऱ्या पिशवीत नुसता भिजलेला पेंढा ठेवावा. दोन्ही पिशव्या बंदच ठेवून तीन आठवडे त्यांचे निरीक्षण करावे. पहिलीत एकाच जातीची पांढरी वाढ दिसते. दुसरीत बहुधा चार रंग दिसतात. दुसरी पिशवी न उघडता पुरून टाकावी.

बुरसटलेले वैरण-खाद्य उन्हात वाळवून किंवा धुऊन चालेल काय, असे खेड्यांत हमखास विचारले जाते. उन्हाने बुरशीची वाढ थांबते. तिने आधी तयार केलेले विष जात नाही. अफ्लाटॉक्सिन उकळण्यानेही नष्ट होत नाही, आणि गाईने ते पेंडीतून खाल्ले तर त्याचे एक रूप दुधात उतरते. यास्तव भारतीय मानकांनी गुरांच्या मिश्र खाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम ठेवलेली आहे, आणि दुधात उतरणाऱ्या एम-१ या रूपाची कायदेशीर मर्यादा किलोमागे केवळ अर्धा मायक्रोग्रॅम आहे.